मंगळवारी विचारायला हवं होतं

समोर कुठलाही नकाशा पसरला की ताई आधी त्यावर आपला पंजा ठेवत आणि चष्म्यावरून सगळ्यांकडे बघत म्हणत, "मासा किनाऱ्याला लागला. बरं, पुढे?"

ऑकलंडच्या आमच्या ऑफिसात बाकीचं बोलणं इंग्रजीत व्हायचं, पण हा 'पुढे' त्या मराठीतच विचारत. शेवटी शेवटी आमचे गोरे सहकारीही कॉफीच्या यंत्रापाशी एकमेकांना "अँड पुढे?" करायला लागले होते. त्यांना तो विनोद वाटायचा.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. मीटिंग संपत आलेली असते, सगळ्यांचा एक डोळा घड्याळावर असतो, आणि नेमका यांचा हात वर जातो. आपण मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतो. मीही घ्यायचो. पण घरी जाताना मोटरवेवर अडकलो की वाटायचं, त्या अख्ख्या दुपारी विचारण्यासारखं जे होतं ते या बाईंनीच विचारलं.

ताई देवगडकडच्या. मासळी टिकवण्याच्या शास्त्रात डॉक्टरेट घेतलेल्या. इथे आल्यावर काही वर्षं टौरंगाच्या एका मासळी कारखान्यात तपासनीस होत्या, मग आमच्या कंपनीत आल्या. आमची कंपनी म्हणजे लहान देशांना मासेमारीबद्दल सल्ला देणारी मंडळी. मी पुण्याचा, शीतगृहं उभारणारा इंजिनिअर. माझ्या घरी मासा शिजत नाही आणि मी जन्मभर माशांसाठी बर्फ बनवतोय, याची त्यांना फार मौज वाटे. "काय रे बर्फवाल्या, आज कुणाला गोठवलंस?" हे त्यांचं गुड मॉर्निंग.

एकदा रविवारी अवोन्डेलच्या बाजारात भेटल्या. एका टोंगन मासेवाल्यापुढे उभ्या राहून काहावाई माशाचे कल्ले उचकून बघत होत्या. तो म्हणाला, "फ्रेश आहे, आंटी." ताई म्हणाल्या, "फ्रेश काल होता, डार्लिंग." मासेवाला एवढा हसला की त्यानं माशांची चार डोकी फुकट टाकली. मला म्हणाल्या, "घरी ये. तू खाऊ नकोस, नुसता बघ."

घर हिल्सबरोला. मागच्या अंगणात त्यांनी मातीची एक चौकोनी भट्टी उभारली होती. वर लाकडी चौकटीच्या जाळ्या, एकीवर एक रचलेल्या. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर बायका अशा भट्ट्यांवर मासळी धुरावतात. या भट्टीचा धूर बाईच्या डोळ्यांत आणि छातीत न जाता वर कसा जाईल, हे ताई शोधत होत्या. त्या दिवशी तो वर गेला, पण शेजाऱ्याच्या खिडकीपर्यंत. त्यानं आगीचा बंब बोलावला. ताईंनी बंबवाल्यांना "किया ओरा, या या" करत आत घेतलं आणि प्रत्येकाच्या हातात एकेक तुकडा ठेवला. बंब गेला तेव्हा शेजारीही आमच्यात बसून बोटं चाटत होता.

ही भट्टी होती घानासाठी. दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं असतील. घानाच्या किनाऱ्यावरच्या एका गावात छोट्या मच्छीमारांचा विकास करायचं काम आमच्याकडे आलं होतं. बर्फाचा कारखाना, शीतगृह, ट्रकसाठी रस्ता. पहिल्या पाहणीला ताई गेल्या आणि परत आल्या त्या बदलूनच.

"अरे, आमच्या बंदरासारखंच आहे सगळं," त्या सांगत. "समुद्रावर पुरुष जातात. पण होडी वाळूला लागली की मासळी बायकांची. भाव बायका ठरवतात. त्यांची एक प्रमुख असते, तिला मासळीची राणीच म्हणतात. तिनं पहिल्या घमेल्याचा भाव बोलला की तो त्या दिवसाचा भाव. आणि उरलेली तारली भट्टीवर चढते. धुरावलेली तारली आठवडेच्या आठवडे टिकते, आत लांबच्या गावांपर्यंत जाते. तुझ्या बर्फाशिवाय."

तिथली आणखी एक रीत त्यांना फार आवडली होती. मंगळवारी त्या किनाऱ्यावर एकही होडी समुद्रात जात नाही. तो समुद्राचा विसाव्याचा दिवस. "आपण नारळी पौर्णिमेआधी होडी लोटत नाही ना, तसं," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी जाळी शिवतात, भांडणं मिटवतात, गावाचे निर्णय घेतात. बायका मोकळ्या असतात. काय विचारायचं ते मंगळवारी विचारा." हे त्यांनी अहवालात लिहिलं, मॅनेजरला तोंडी सांगितलं, आणि विसरू नये म्हणून परत सांगितलं.

गोची एकच होती. आमच्या नकाशात शीतगृह जिथे काढलं होतं, नेमक्या तिथेच बायकांच्या भट्ट्या होत्या. मासळीच्या राणीनं ताईंना दुभाष्याकरवी थेट विचारलं, "आमच्या भट्ट्या पाडणार का?" ताईंनी तिचा हात हातात घेऊन सांगितलं, "तुम्हाला विचारल्याशिवाय एक वीटही हलणार नाही. मी आमच्या साहेबांना सांगते." ताईंचा शब्द तो. पगारी सल्लागारानं असे शब्द द्यायचे नसतात म्हणतात. का द्यायचे नसतात, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

पुढची फेरी गावाशी चर्चेची होती. त्या फेरीला ताईंना नेलंच नाही. "टीम लहान ठेवायची आहे," मॅनेजर म्हणाला. हा आमचा मॅनेजर म्हणजे भला माणूस. सायकलनं ऑफिसला यायचा, उन्हाळ्यात जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून फिरायचा, आवाज कधी चढवायचा नाही. काहीही सांगा, "नो वरीज, स्वीट अ‍ॅज" म्हणून हसायचा. मला आरडाओरडा करणारा साहेब चालतो. तो निदान ऐकलं म्हणून तरी ओरडतो.

तर ही मंडळी गेली आणि त्यांनी गावाची सभा ठेवली गुरुवारी सकाळी. गुरुवारी सकाळी! होड्या किनाऱ्याला लागण्याची वेळ. त्या वेळी बायका गुडघाभर पाण्यात असतात, डोक्यावर घमेली असतात, एक क्षण मान वळवली तर मासळी दुसरीच्या घमेल्यात जाते. सभेला आले ते वयामुळे समुद्र सुटलेले चार म्हातारे आणि काही पुढारी. आणि मंगळवारी आमची मंडळी काय करत होती? मंगळवारी किनाऱ्यावर काहीच चालू नसतं, म्हणून ती जुना किल्ला बघून आली. फोटोही काढले.

अहवालात लिहिलं गेलं: महिलांना निमंत्रण होतं, एकही महिला आली नाही, हरकत नोंदवली गेली नाही. भट्ट्या गावामागच्या माळावर हलवायच्या. तिथे पक्की शेड बांधून द्यायची. छान आधुनिक शेड. फक्त पाण्यापासून लांब, चढावर. ओली मासळी डोक्यावर घेऊन तिथवर कोण चढणार, याबद्दल एक ओळ नाही.

ताईंनी ते वाचलं आणि माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. "बर्फघर पलीकडे सरकतं का रे? नारळीच्या झाडांच्या बाजूला?" मी आकडेमोड केली. सरकत होतं, आरामात. रस्त्याला एक वळण द्यावं लागलं असतं, एवढंच. मी नवा नकाशा काढला आणि आम्ही दोघं मॅनेजरकडे गेलो.

"चर्चा झालीय," तो म्हणाला. "हीप्स ऑफ कन्सल्टेशन. आता परत उघडलं तर काम लांबेल."

"झाली नाही," ताई म्हणाल्या. "तुम्ही दुकान चालू असताना दुकानदाराला बाहेर बोलावलंत. मला एक मंगळवार द्या. मी जाते, विचारते, येते."

"आय हिअर यू," तो म्हणाला. ऐकलं म्हणे! माझा नकाशा त्यानं उलगडलासुद्धा नाही.

महिन्याभरानं प्रकल्पाला पैसा देणाऱ्या संस्थेची माणसं ऑफिसात आली. पडद्यावर चित्रं सरकत होती, सगळे माना डोलावत होते. ताईंचा हात वर गेला नाही. त्या सरळ उभ्याच राहिल्या. "या गावातल्या बायकांना कुणीही विचारलेलं नाही," त्या म्हणाल्या. "त्यांना येता येणार नाही असा दिवस निवडला आणि मग त्या आल्या नाहीत असं लिहिलं. हे खोटं आहे." पाहुण्यांपैकी एकीनं पेन उचललं, मॅनेजरकडे बघितलं, आणि तो हसून म्हणाला, की आमच्या सहकारी या विषयात फारच भावनिक गुंतल्या आहेत. पेन खाली गेलं.

भावनिक! मासळी टिकवण्यात डॉक्टरेट असलेली बाई भावनिक, आणि किल्ले बघून आलेले वस्तुनिष्ठ. मी म्हणालो, "जागा बदलणं शक्य आहे, माझ्याकडे नकाशा आहे." मॅनेजर म्हणाला, "लंचनंतर बघू." ते लंच अजून चालूच आहे.

ताईंचं नाव त्या कामावरून निघालं. मग दुसऱ्या कामावरून. मग त्यांना समजलं आणि त्यांनी स्वतःच टेबल आवरलं. त्यांना नोकरीचं दुःख नव्हतं. मी भेटायला गेलो की त्या एकच विषय काढत. "अरे, त्यांना काय वाटत असेल? ही बाई आली, गोड बोलली, हात हातात घेतला, आणि गेली ती पाडणाऱ्यांना पाठवून. मला खोटारडी म्हणत असतील रे." निरोप पाठवावा तर राणीला इंग्रजी येत नव्हतं, आणि तिथल्या मत्स्यखात्यातून उत्तर येत नव्हतं. एक दिवस बघितलं तर अंगणातली भट्टी त्यांनी स्वतः फोडून टाकली होती. मला त्या दिवशी फार राग आला, आणि तो कुणावर काढावा हे नीट माहीत असूनही काढता आला नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात ताई गेल्या. झटका आला आणि दोन दिवसांत संपलं. ऑफिसनं फुलं पाठवली. सोबतच्या कार्डावर सगळ्यांनी सह्या केल्या होत्या आणि मॅनेजरनं लिहिलं होतं, तुमची उणीव हीप्स भासेल.

कारखाना उभा राहिला. बर्फाचं यंत्र माझं होतं, म्हणून ते सुरू करून द्यायला मला पाठवलं. भट्ट्यांच्या जागी सिमेंटचं आवार होतं आणि बाहेरगावचे ट्रक मागे घेत होते. बायका घमेली घेऊन चढ चढत होत्या. आधीच्यापेक्षा कमीच दिसल्या. बाकीच्या कुठे गेल्या ते मी विचारलं, तर मत्स्यखात्याचा अधिकारी म्हणाला, शहरात गेल्या.

दुसऱ्या दिवशी तोच अधिकारी एका थोराड बाईला घेऊन माझ्याकडे आला. मागे सात-आठ बायका. "या मासळीच्या राणी," तो म्हणाला. "तुम्ही त्या चष्मेवाल्या बाईंच्या देशाचे दिसता, म्हणून विचारताहेत. त्या कुठे आहेत?"

मी सगळं सांगितलं. सभेबद्दल, मंगळवारबद्दल, ताई कुणापुढे उभ्या राहून काय बोलल्या आणि त्यांचं काय झालं, तेही. तो एकेक वाक्य त्यांच्या भाषेत सांगत होता. शेवटी मी सांगितलं, की त्या आता नाहीत.

राणी मागे वळून बायकांना काहीतरी म्हणाल्या. एकीनं छोटी बाटली आणली. राणींनी माझ्याकडून ताईंचं नाव विचारून घेतलं, दोनदा म्हणून पाहिलं, आणि ते नाव घेत घोटभर दारू वाळूवर ओतली. तिथे वारलेल्या माणसाला असाच मान देतात. मला तिथे उभं राहवेना, पण उभा राहिलो.

मग त्या माझ्याकडे वळून दोन वाक्यं बोलल्या. अधिकारी जरा घुटमळला.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"म्हणतात, म्हणजे तिनं सांगितलं होतं. आम्ही इतके दिवस भलत्याच माणसाला खोटारडं म्हणत होतो. आता ज्याला सांगितलं होतं त्याचं नाव विचारताहेत."

मी सांगितलं. आडनावासकट, आणि त्यांना नीट म्हणता येईपर्यंत.