कॉम्प्रेसर बदलला त्या शनिवारी

"त्यापेक्षा पायाशी बर्फाची लादी ठेवून आणा की पोरीला," शेजारच्या काकू कुंपणावरून आईला म्हणाल्या.

आई हसली, पण उगाच हसायचं म्हणून. मी व्हरांड्याच्या पायरीवर इंग्रजी माहितीपत्रक मांडीवर घेऊन बसले होते. मी फारशी बोलत नसे, त्यामुळे मला ऐकूही कमी येतं असा कॉलनीतल्या पुष्कळांचा समज होता. माझ्यासमोर लोक मोकळेपणाने बोलत. त्या समजाचे फायदे होते, म्हणून मी तो कधी दुरुस्त केला नाही.

समोर अंगणात आमची गाडी बॉनेट उघडून उभी होती आणि पप्पा कमरेपर्यंत तिच्या आत होते.

काकू म्हणत होत्या ती पोरगी म्हणजे माझी ताई. तिचं सासर मालेगावला. सातवा महिना संपत आला होता आणि पहिलं बाळंतपण माहेरी, हे दोन्ही घरांत गृहीत धरलेलं. पण तो मे महिना फार कडक निघाला. ताईच्या सासूबाईंनी मायेनेच सुचवलं, "एवढ्या उन्हात तीन तासांचा रस्ता नको. इथंच करू बाळंतपण." त्यावर पप्पा बोलून गेले, "आमच्या गाडीला एसी आहे. शाल घेऊन बसावं लागेल तिला." सासूबाईंना ते पटलं. रविवारी सकाळी आणायचं ठरलं. आणि बुधवारी एसीचा कॉम्प्रेसर अडकला. बेल्टने जळका वास सोडला आणि डॅशबोर्डखालच्या पेटीतून भट्टीसारखी हवा येऊ लागली.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत गाड्याच मोजक्या, त्यात एसी म्हणजे फक्त आमच्या गाडीला. एका कारखान्याच्या साहेबांची बदली झाली तेव्हा पप्पांनी ती त्यांच्याकडून जुनी घेतली होती. कॉलनी तिला 'फ्रिजची गाडी' म्हणे. असा एसी दुरुस्त करणारं गॅरेज तेव्हा आमच्या पाहण्यात तरी मुंबईशिवाय कुठे नव्हतं. पप्पांनी तिथल्या एका ओळखीच्या माणसाला फोन केला आणि शनिवारी सकाळी ट्रकमधून एक लाकडी खोकं आलं. भुशात नवा कॉम्प्रेसर, एक लहान पत्र्याचा डबा आणि हे माहितीपत्रक.

"वाचत जा, मी करत जातो," पप्पा म्हणाले. ते यंत्रांवरच काम करणारे, हात पक्के. पण इंग्रजी सूचना ऐकत नट खोलायचे म्हणजे मराठीत कुणीतरी सांगायला हवं. ते काम इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलीकडे आलं.

मला ताई घरी हवी होती. का, ते सांगायला हवं. दुकानात गेलो तर माझ्या वहीला रेघा एकेरी हव्यात की दुहेरी, हे ताई सांगे. पाहुण्यांनी मला काही विचारलं तर उत्तर ताई देई, आणि ते बहुतेक वेळा बरोबर असे. लग्न होऊन ती गेल्यापासून मी घरात दिवसाला पाच-सहा वाक्यं बोलत असेन. एसी बिघडल्याचं फोनवर कळताच तिने पाठवलेल्या पत्रात शेवटी एकच ओळ होती : "पप्पांना म्हणावं, एसी नीट करा. मला घरी यायचंय."

पहिली सूचना मी नीट वाचली. जुना गॅस सोडायचा होता. पप्पांनी नट सैल केला तशी मोठी फुस्स झाली आणि गेटाशी जमलेली मंडळी दोन पावलं मागे सरली. सुट्टीचा दिवस, त्यामुळे कॉलनीतले चार-पाच पुरुष हात मागे बांधून उभेच होते. त्यांत निवृत्त झालेले समोरचे काका पुढे. त्यांना सगळ्यातलं कळे.

दुसऱ्या सूचनेसाठी मी मनात शब्द जुळवले आणि म्हणाले, "आता पट्टा सैल करून चाकावरून उतरवावा."

मग समोरचे काका म्हणाले, "पट्टा? अगं, बेल्ट म्हण की! आम्ही मराठी शाळेतली माणसं बेल्ट म्हणतो आणि इंग्रजी शाळेची पोर पट्टा म्हणते!"

सगळे हसले. पप्पाही हसले, बॉनेटमध्ये त्यांचं हसू घुमलं. चेष्टा प्रेमाची होती, हे आज कळतं. तेव्हा माझे कान तापले. तिसरी सूचना मी पुटपुटले. ती पप्पांना न सांगताही ठाऊक होती, म्हणून निभावलं. चौथी मी फक्त ओठ हलवून वाचली. चौथीत लिहिलं होतं की कॉम्प्रेसर आतून कोरडा पाठवला आहे, सोबतचं तेल भरल्याशिवाय तो फिरवू नये.

"पुढचं कळलं मला," पप्पा म्हणाले. त्यांनी आणि समोरच्या काकांनी मिळून जुनं धूड बाहेर काढलं आणि नवं बसवायला घेतलं. खोकं रिकामं करताना पप्पांच्या हाताला तो डबा लागला.

"हे बघा," ते कौतुकाने म्हणाले, "पुढच्या सर्व्हिसिंगचं तेलसुद्धा दिलंय. आत फळीवर ठेव गं."

मी डबा घेतला आणि आत फळीवर ठेवला. तेव्हाच सांगता आलं असतं. पण काका अजून पट्ट्याची गोष्ट नव्याने आलेल्या एकाला सांगत होते.

दुपारी चाचा आले. स्टेशनजवळ त्यांचं फ्रिजदुरुस्तीचं दुकान होतं आणि गॅसची टाकी आमच्या ओळखीत फक्त त्यांच्याकडे. गाडीच्या एसीला त्यांनीही आजवर हात लावला नव्हता, पण तसं ते कबूल करत नव्हते. एका जुन्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरचाच त्यांनी पंप केला होता. त्याने तासभर पाइपांतली हवा खेचली. त्याआधी, पाइपांत हवा दाबून फट कुठे आहे का बघायला त्यांनी फेस मागितला, तेव्हा पप्पांनी स्वतःचा दाढीचा ब्रश आणि साबण आणून दिला. चाचांनी एकेका जोडाला इतक्या मायेने फेस लावला की काकू कुंपणावरून म्हणाल्या, "वस्तरा आणू का?"

मी पायरीवरच होते. चाचा तेलाचं विचारतील, याची वाट पाहत होते. ते विचारेनात. फ्रिजचा कॉम्प्रेसर तेल भरून सीलबंदच येतो, त्यांना सवय त्याची. पप्पांना वाटलं, चाचांनी बघितलं असेल. चाचांना वाटलं, साहेबांनी बघितलं असेल. अंगणात खरी गोष्ट फक्त मला ठाऊक होती.

मी आईपाशी गेले. ती स्वयंपाकघरात ताम्हनात हळदकुंकू आणि नारळ ठेवत होती. "आई, ते तेल..." एवढंच मी म्हणाले.

"निरांजनात घातलंय," ती घाईत म्हणाली आणि बाहेर गेली. तिने कॉम्प्रेसरला कुंकू लावलं, नारळ समोरच्या काकांच्या हाती दिला. चाचांनी टाकीचा कॉक थोडा उघडून बंद केला. "साहब, थोडा गॅस आत गेला. आता गाडी चालू करा, एसीचं बटन दाबा. बाकीचा ती स्वतः ओढून घेते. लवकर, मला साडेपाचच्या घोटीच्या एसटीला बसायचंय."

पप्पा गाडीत बसले. आता सांगायचं तर भरलेला गॅस सोडा, झाकण उघडा, पुन्हा तासभर पंप. चाचांची एसटी जाणार. काकू बघत होत्या, गेटाशी सगळी कॉलनी. आणि न सांगायचं तर यंत्र कोरडं फिरणार, दोन मिनिटांत जाम होणार, आणि ताई मालेगावला राहणार. मला तिचा चेहरा नाही, तिची ती शेवटची ओळ दिसली.

पप्पांनी किल्ली फिरवायला हात पुढे केला.

"थांबा!"

आवाज एवढा मोठा निघाला की मीच मागे वळून पाहिलं. काकांच्या हातातला नारळ वरच्या वर थांबला.

पुढचं सगळं थोडक्यात सांगून टाकते, म्हणजे कुणाला घोर नको. गॅस सोडला, तेल भरलं, पुन्हा पंप लावला. चाचांची साडेपाचची एसटी गेली आणि सातची मिळाली. मधल्या वेळात त्यांनी आमच्याकडे दोनदा चहा घेतला. दिवेलागणीला डॅशबोर्डखालच्या पेटीतून इतकी गार हवा आली की काकू गाडीत जाऊन बसल्या त्या उठेचनात. रविवारी दुपारी ताई आली, खांद्यावर खरोखरच शाल घेऊन, आणि उतरताच म्हणाली की चांदवडपासून तिला शिंका येत होत्या. भाची नाशिक रोडलाच झाली.

पण ते नंतर. त्या क्षणी पप्पा किल्ली सोडून बाहेर आले. रागावलेले नव्हते, चकित झाले होते. "काय झालं गं?" त्यांनी विचारलं. या वेळी माझ्यासाठी उत्तर द्यायला दुसरं कुणी नव्हतं. मी फळीवरून डबा आणला, माहितीपत्रक उघडलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"चौथी सूचना मी मनातच वाचली होती, पप्पा. चूक माझी आहे. आता मोठ्याने वाचते, आणि बेल्टला मी पट्टाच म्हणणार आहे."