पुदिना आणि माझी दहा बोटं

मी लिहिते असं लोक म्हणतात; खरं तर मी टाइप करते. पेन हातात घेतला की माझं डोकं बंद पडतं. कचेरीत टंकलेखिका म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले, त्यामुळे मला सुचतं ते डोक्यात नाही, बोटांत. दहाही बोटांत. म्हणून या उन्हाळ्यात सून जेव्हा म्हणाली, "आई, हा लॅपटॉप आता कबाडीला देऊन टाकू, तुमच्यासाठी छान टॅब्लेट मागवलाय," तेव्हा मी आधी माझ्या बोटांकडे पाहिलं. काचेवर एका बोटाने टिचक्या मारत बसायचं म्हणजे नऊ बोटांना घरी बसवायचं. आणि नऊ बोटं घरी बसली की मीही बसले.

तिचं चुकत नव्हतं. लॅपटॉप उघडला की रोज एक पाटी यायची, या यंत्राला यापुढे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार नाहीत म्हणून. नवी प्रणाली त्याला झेपणारी नव्हती. सून बँकेत नोकरी करते. कडी नसलेल्या दारासारखा संगणक घरात ठेवायला ती तयार नव्हती. टॅब्लेट शनिवारी येणार होता. नको वाटला तर दारातूनच परत करा, एवढी सूट तिने दिली होती.

मुलगा नोकरीसाठी पुण्याला असतो, त्याला फोन लावला. तो म्हणाला, "त्या नव्या प्रणालीऐवजी लिनक्स टाकून बघ ना. फुकट असतं, सगळ्यांना खुलं असतं, जुन्या यंत्रावरही पळतं, आणि सुरक्षेच्या दुरुस्त्याही मिळतात. फक्त नवशिक्यांसाठीचं घे." मग त्याची मीटिंग सुरू झाली आणि मी त्या एका शब्दापाशी अडकून बसले.

नवशिक्यांसाठी.

आता इथे मला त्या पोरीबद्दल सांगावंच लागेल. दोन वेण्या, कडक इस्त्रीचा ओढणीवाला ड्रेस, आणि नाक असं वर की आमच्या नागपुरात सीताबर्डीच्या पुलावरून चालताना पायाखालचं काही दिसू नये. ती म्हणजे मी. टायपिंगच्या क्लासात पहिल्या दिवशी सरांनी नवीन मुलींसाठी ठेवलेलं हलकं यंत्र दाखवलं. पोरीला अपमान वाटला. खिडकीजवळचं लोखंडी धूड तिने मागून घेतलं, ज्याच्या कळा दाबायला पैलवान लागायचा. आठवड्याच्या आत करंगळी दोन कळांच्या मध्ये जाऊन सुजली, आणि ही बया त्या करंगळीला पट्टी बांधून बर्डीभर मिरवत होती, जसं काही लढाईवरून आली. हलक्या यंत्रावर बसलेल्या मुली परीक्षा देऊन मोकळ्या झाल्या तेव्हा ही अजून "अ" आणि "आ" यांच्यात जोर लावत होती.

मला वाटलं होतं ती पोरगी केव्हाच मेली. नव्हती मेली. शब्द ऐकला आणि नाक वर करून उठून बसली. मी? नवशिकी?

लिनक्सच्या आवृत्त्या म्हणजे इतवारीतली साड्यांची दुकानं. गाभा एकच, पण प्रत्येकाने आपापल्या हौसेनं काठ-पदर लावलेला. मी नेटवर वाचायला बसले तर दोन माणसांचं मत जुळेना. एकजण म्हणे ही घ्या, दुसरा म्हणे ती घेणाऱ्याला काही कळत नाही, तिसरा त्या दोघांना शिव्या घालून चौथीच सुचवत होता. त्यातल्या एका पोराने लिहिलं होतं की खऱ्या शिकणाऱ्याने सगळं स्वतः जोडायचं तीच आवृत्ती घ्यावी, बाकीच्या लहान मुलांसाठी आहेत. आतल्या पोरीला तो लगेच आवडला.

मी आधी माझे सगळे लेख एका पेनड्राइव्हवर काढून घेतले, तेवढी अक्कल वयाने दिली आहे. मग ती जोडायची आवृत्ती उतरवली, व्हिडिओ पाहत पाहत दुसऱ्या पेनड्राइव्हवर चढवली आणि तो लावून लॅपटॉप सुरू केला. काळा पडदा आला. वरच्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत होती. बस. ना चित्र, ना बटण. मी माऊस हलवला, काही नाही. उठले, पाणी प्यायले, आले. रेघ लुकलुकतच होती. गॅलरीत गेले, वाळत घातलेल्या कुरड्या उगाच उलट्या केल्या, परत आले. यजमान, म्हणजे आमचे हे, सोफ्यावरून पाहत होते. त्यांचं गाव उमरेडकडचं, बोलणं अजून तिकडचंच.

"काहून एवढ्या येरझाऱ्या घालून राहिली वं? त्या मशिनीले बाळंत व्हायचं हाय का?"

मी म्हटलं, तुम्ही पेपर वाचा.

गुरुवार असाच गेला. स्वयंपाक करताना भाजीत मीठ दोनदा पडलं. रात्री कूस बदलताना एवढंच डोळ्यांसमोर येत होतं की शनिवारी ती काच येणार आणि मी तिच्यावर टिचक्या मारणार, आणि वाक्य अर्ध्यात आलं की मला विसर पडणार की ते निघालं होतं कुठे.

शुक्रवारी सकाळी मी त्या पोरीला म्हटलं, बाई गं, तू त्या धुडावर बस, मला हलकं यंत्र हवं आहे. आणि नवशिक्यांच्या यादीतली, पुदिन्याचं नाव असलेली आवृत्ती उतरवली. पुदिन्याचं नाव पाहूनच घेतली असं म्हणाल तर नाही म्हणणार नाही. आमच्या नागपुरात कोथिंबिरीलाही सांबार म्हणतात, पण पुदिन्याला पुदिनाच म्हणतात. तेवढीच एक खात्रीची गोष्ट.

हिचा गुण असा की जुनं काही न पुसता पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येते. साडी नुसती खांद्यावर टाकून आरशात पाहावी तशी. पडदा हिरवा झाला, खाली डावीकडे ओळखीचं बटण आलं, फायली कुठे ते न विचारता कळलं. माझा जीव थोडा भांड्यात पडला, पण पूर्ण नाही. माझा प्रश्न वेगळाच होता: हिला मराठी टाइपरायटरची कळफलक-मांडणी येते का? बोटांना तीच ठाऊक. ती नसेल तर पुदिना काय आणि काच काय.

मांडण्यांची यादी उघडली. भाषा, आणि भाषेखाली प्रकार. "टाइपरायटर" दिसलं, मी आनंदाने निवडलं आणि टाइप केलं: उन्हाळ्यात सगळ्यांच्या डोळ्यांची आग होते. पडद्यावर उन्हाचं भलतंच काही झालं. जिथे जिथे ळ हवा तिथे माझं बोट नेहमीच्या जागी गेलं आणि दुसरंच काहीतरी वाकुल्या दाखवत उमटलं. पुन्हा केलं. पुन्हा तेच. मांडणी बंद करून उघडली, पेनड्राइव्ह काढून लावला, सगळं नव्याने. ळ नाही.

हे मागे येऊन उभे राहिले. मी रडकुंडीला आले होते. म्हटलं, अहो, यात ळ लागत नाही, डोळे लिहिता येत नाहीत.

"त्यात काय हाय," ते म्हणाले. "मी जिंदगीभर डोयेच म्हनलं. तरी दिसून राहिलं ना मले."

लग्न झाल्यावर याच "डोये" आणि "पोयी"वरून त्या दोन वेण्यांच्या बाईने सासरी सगळ्यांची उजळणी घ्यायचा प्रयत्न केला होता. जुन्या नागपुरातल्या महाल भागातलं माहेर ना तिचं, तिथे ळ देवघरात ठेवायचे. सासूबाई तिच्यासमोर पोळी हा शब्द नीट म्हणून दाखवायच्या आणि पोयी वाढायच्या. असो.

यांचा चष्मा मात्र माझ्यापेक्षा बरा. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, हे इथं हिंदी काहून लिहिलं हाय?

मी पाहिलं. यादीत हिंदी आधी होतं, मराठी बरंच खाली. मी हिंदीचा टाइपरायटर निवडून बसले होते. नागपूरकराशिवाय ही चूक कोणी करणार नाही. ऑटोवाल्याशी आम्ही आधी हिंदीतच सुरू करतो, "भैया, महाल चलोगे?" आणि तोही हिंदीत भाव करतो, मग अर्ध्या रस्त्यात त्याच्या घरून फोन येतो आणि कळतं की दोघंही मराठीच. सवयच तशी. मी खाली सरकले, मराठी निवडलं, त्याखालचा टाइपरायटर निवडला. डोळे आले. सगळे आले.

शनिवारी दुपारी पक्कं बसवायला घेतलं. आता मात्र जुनं सगळं पुसलं जाणार होतं, आणि त्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाची गेलेली, प्लगवरच चालतो. आमच्याकडे कूलर आणि मिक्सर एकत्र लावला तरी खटका पडतो. मध्येच खटका पडला तर ना जुनं राहणार, ना नवं येणार. मी कूलर बंद केला. मे महिन्यातल्या नागपुरात, भर दुपारी. यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ओला टॉवेल मानेभोवती गुंडाळला. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत होती. मी प्लगपाशी उभी राहिले, जसं काही कोणी तो पळवणार होतं.

पट्टी अर्ध्यावर असताना बेल वाजली.

दारात पार्सलवाला. हे तिथून विचारायला लागले, काय करू, घेऊ का परत पाठवू? मी पट्टीकडे पाहिलं. ती एका जागी थांबली होती. पार्सलवाला म्हणे, जल्दी बताइए, और भी घर हैं. घेतला तर सून खूश, लॅपटॉप कबाडात, माझी नऊ बोटं घरी. परत केला आणि ही पट्टी पुढे सरकलीच नाही तर एक बोटही कामाचं नाही. घाम भुवईवरून खाली येत होता. काल ळ मिळाला होता, पण तो पेनड्राइव्हवरचा. आत बसल्यावर मिळेलच असं कोणी लिहून दिलं नव्हतं.

"परत पाठवा," मी म्हटलं.

दार लागलं. पट्टी अजून थांबलेलीच. मी प्लग हाताने दाबून धरला, त्याने काही होत नाही हे माहीत असून. मग ती सरकली. मग भरली. पेनड्राइव्ह काढा म्हणाली, काढला. पडदा काळा झाला. हिरवा झाला. मांडणी पुन्हा निवडावी लागली, पण या वेळी सरळ खाली मराठीवर गेले.

हे दारातून विचारत होते, आता तरी कूलर लावू का वं, उकडून राहिलं. माझी दहाही बोटं आपापल्या जागी बसली होती आणि मला तोंडाने बोलायची इच्छा नव्हती. अक्षरं मोठी केली आणि टाइप केलं: लावा. पण आधी टाकीत पाणी भरा, मले वेळ नाही.

ते जवळ आले, चष्मा वर करून सावकाश वाचलं, आणि बादली घ्यायला गेले.