घुशीच्या बिळात शिरलेला टेरियर

फ्लॅटमध्ये सोफा उकरून ठेवला म्हणून बहिणीने तिचा जॅक रसेल टेरियर पुण्याहून आणून मोताळ्याला आमच्या घरी सोडला. पांढराशुभ्र, कानाशी तपकिरी, मांजरापेक्षा थोडाच मोठा.

आई म्हणाली, "हे कुत्रं हाय का ससा? अन् पायापायात काऊन येऊन राह्यलं?"

तिने आयुष्यात कुत्र्याला हात लावला नव्हता.

त्याने मोगऱ्याचं आळं उकरलं, चपला पळवल्या. दुपारी घर आडवं झालं की भिंतीकडे तोंड करून भुंकत बसायचा. मी बहिणीला फोन केला.

"त्याला काम लागतं," ती म्हणाली. "बिळात शिरून शिकार करणारी जात आहे ती. नुसतं फिरवून दमत नाही."

आई ऐकत होती. "मंग काम दे त्याले. रिकामा माणूसबी असाच वागते."

त्या भिंतीपलीकडे शेजारच्या चाचांचं धान्याचं गोदाम. घुशी त्यांची सोयाबीनची पोती फोडत होत्या. मी कुत्र्याला तिकडे नेलं, आईही गंमत बघायला आली. तो थेट कोपऱ्यातल्या बिळात शिरला. आधी गुरगुर ऐकू आली, मग धडपड, मग काहीच नाही.

मी हाका मारत राहिलो. बीळ खणायला लोखंडी सब्बल आणायला चाचा धावले. आई मात्र मातीत फतकल मारून बसली. गुडघे दुखतात म्हणून देवळातही खुर्ची मागणारी बाई! खुरप्याने बीळ रुंद करत ती म्हणत होती, "ये बे राजा, ये बाहेर."

सब्बल घेऊन आलेले चाचा ओरडले, "भाभी, हात नका घालू! घूस चावंल."

"चावू द्या."

मागचे दोन पाय दिसले. आईनेच ते धरून त्याला ओढून काढलं. नाक फाटलेलं, तरी तोंडातली मेलेली घूस सोडायला तयार नाही. जनावरांच्या डॉक्टरकडे जाईपर्यंत तो तिच्या पदरातच होता.

तेव्हापासून संध्याकाळी त्याला मांडीवर आडवा घेऊन ती गोचिडी काढते, कान पुसते. नखं कापताना तो कुईकुई करतो, तेव्हा बोलणी मला बसतात. सकाळची गोदामाची फेरी चाचांबरोबर.

दिवाळीत बहीण त्याला न्यायला आली. आई म्हणाली, "त्याची ड्यूटी हाय इथं. तू राह्य चार दिवस अन् जा."

बहिणीने वाद घातला नाही. परतताना ती त्याचा ब्रश ठेवून गेली.