कपाळावरची काजळी

कुरखेड्याला आरा मशीनच्या फाटकाशी मी चहा विकते. तिथे एक झाडूवाली बाई होती. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. लाकडाची ढलपी उडून तिचा डावा डोळा गेला होता, म्हणून ती कोंबडीसारखी मान वळवून बघायची.

मजुरांना डोळे वाचवायला चष्मे मिळाले होते, पण बहुतेक जण ते कपाळावर चढवूनच लाकूड कापत. एका सकाळी ती मला म्हणाली, "बाई, आज भगोणं घासू नोको."

"काऊन?"

तिने भगोण्याच्या बुडाची काजळी बोटावर घेतली आणि खुंटीवरच्या सगळ्या चष्म्यांच्या कडांना आतून लावली.

दुपारी मजूर चहाला आले. दोघांच्याच डोळ्यांभोवती काळी कडी होती, बाकीच्यांची कपाळावर.

"ज्याचं कपाळ काळं, त्याले चहा नाई," ती म्हणाली. मी पदराआड हसत किटली मागे ओढली.

आरा चालवणारा मिस्त्री चिडला; त्याचंही कपाळ काळं होतं. तिने विचारलं, "भाऊ, तुमी कपाळानं पाह्यता काय?"

ती रोज सकाळी काजळी लावत राहिली आणि हळूहळू सगळ्यांची कडी डोळ्यांवर उतरली. मिस्त्री मात्र बरेच दिवस बिनचहाचा राहिला. मग एकदा तोही डोळ्यांभोवती काळं घेऊन गुपचूप येऊन बसला. हातातल्या चष्म्याची काच ढलपीनं तडकली होती.

तिने मान वळवून त्याचे दोन्ही डोळे नीट पाहिले.

"याच्या चहात साखर जास्त टाक," ती म्हणाली.