सायकलवरची हवाई झुंज

माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांनी जन्मात कधी कुणाचा सरळ पाठलाग केला नसेल. लढाईच्या काळात ते विमानांची इंजिनं दुरुस्त करत आणि पन्नास सालानंतर गडचिरोलीत गणित शिकवत. पण डोकं आकाशातच राहिलं होतं. एक विमान दुसऱ्याच्या मागे लागलं आणि दोन्ही वैमानिक सारखेच हुशार असले, तर कोणी कधी वळावं, हा त्यांचा आयुष्यभराचा प्रश्न. शिकरा पोपटामागे लागलेला दिसला की भाऊजी वर्ग तसाच सोडून बाहेर येत. ताई कोंबडीमागे धावली की तिला थांबवून मातीत काडीनं दोघींच्या वाटा काढून दाखवत; तोवर कोंबडी शेजाऱ्यांच्या परसात पोचलेली असे. "तिलेही अक्कल आहे असं धरून चाल," ते म्हणत. यात आपल्यापेक्षा कोंबडीचाच मान मोठा, असं ताईला वाटे.

एका हिवाळ्यात त्यांचा पुतण्या रजेवर आला. लढाऊ विमानाचा वैमानिक होता तो. सरावात एक संथ पण चटकन वळणारं विमान त्याला दर खेपेला हुलकावणी देई. आणखी एकदा हरला तर त्याला लढाऊ विमानांवरून काढणार होते. भाऊजींनी त्याला सायकल दिली, हातात बांबूची काठी दिली आणि धान कापलेल्या बांधीत धोतर खोचून स्वतः उभे राहिले. काठी अंगाला लावायची, एवढाच खेळ. पुतण्या वेगानं येई, भाऊजी ऐन वेळी त्याच्या वळणाच्या आत शिरत आणि सायकल पुढे निघून जाई; तो लगेच तिथंच गोल वळून पुन्हा मागे लागे. पन्नाशीचा माणूस आठ वेळा सुटला!

मग अदलाबदल झाली. पुतण्यानं तीच युक्ती करताच भाऊजी सायकलसकट पाठ फिरवून पार शेताच्या कडेच्या धुऱ्यापर्यंत निघून गेले. दमले असतील, असं त्याला वाटलं. तेवढ्यात सायकल वळली, सरळ रेषेत आली, आणि त्यानं ज्या बाजूला उडी घेतली तिथंच काठी होती.

"जवळ असून हाती येत नाई, तं त्याले सोडून दूर जा," भाऊजी धापा टाकत म्हणाले. "जागा करून घे, मंग ये. तू तिथंच गोल फिरून राह्यला होता."

"काका, सोडून जायले मन होत नाई."

"तेच तं शिकाचं आहे."

आठ दिवस गावानं हा खेळ पाहिला. महिन्याभरात पत्र आलं. पुतण्या जिंकला होता, आणि आता इतरांना शिकवायचं कामही त्याच्याकडेच आलं होतं. ताईनं गल्लीभर पेढे वाटले. भाऊजींनी पत्र तीनदा वाचलं.

"त्या दुसऱ्यानं काय कराले पाह्यजे होतं, हे यानं लिवलंच नाई," ते म्हणाले, आणि हरलेल्या वैमानिकासाठी कागद घेऊन बसले.

ते कागद ताईनं जपून ठेवले आहेत. त्यांतल्या गोल रेघा आम्हांला कळत नाहीत, आणि विचारावं तर भाऊजी नाहीत.