अठरा भोकांचा बूट

मी भित्रा माणूस आहे आणि जव्हारच्या बाजारात हे सगळ्यांना ठाऊक आहे. पंचविशीत भाताच्या बांधावर मला फुरसं चावलं. जीव वाचला, पण डाव्या पायाची दोन बोटं गेली, आणि तेव्हापासून मी अंगणातही अनवाणी पाऊल टाकत नाही. फुरसं म्हणजे साप तो केवढा, तर हातभरही नाही. चिडलं की अंगावर अंग घासतं आणि तापल्या तव्यावर पाणी पडल्यासारखा चर्र आवाज करतं. बायको भाकरीला पाणी लावताना तव्यावर थेंब उडाला तरी मी आजही पाय वर घेतो. ती हसते. हसू दे. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकूनच पिणार.

अशा माणसाच्या मुलीला आरोग्यसेविका म्हणून नेमणूक मिळाली ती मोखाड्यात, सूर्यमाळकडच्या उपकेंद्रात. पाडे विखुरलेले, गाडी सडकेला सोडायची आणि पुढे गवतातून पायवाट. घरोघर जाऊन बाळंतिणी आणि तान्ही मुलं तपासायची. नेमणुकीचा कागद आला त्या दिवशी घरात सगळ्यांनी पेढे खाल्ले. मी मुलीच्या पायांकडे बघत बसलो. अंगठ्याची साधी चप्पल होती पायात.

माझा भाचा मुंबईत एका घरी गाडी चालवतो. ती मंडळी परदेशी राहायला निघाली तेव्हा त्याने बाईसाहेबांचे दोन जोड बूट मागून आणले. दोन्ही कातडी, दोन्ही अस्सल विलायती, तळाला इंग्लंडचा ठसा. एक जोड उंच, पोटरीच्या अर्ध्यापर्यंत येणारा, एकेका बुटाला नाडीची अठरा भोकं. दुसरा घोट्यापर्यंतचा, बिननाडीचा, दोन्ही अंगांना ताणणारी रबरी पट्टी, पाय घातला की आत. मोजा घातला की माप मुलीला बरोबर बसत होतं.

मुलीला आखूड जोड आवडला. मी म्हटलं, थांब, आधी दाखवून घेऊ.

एसटी डेपोच्या बाजूला एक म्हातारे काका चपला-बूट शिवतात. त्यांनी दोन्ही जोड मांडीवर घेतले, वाकवले, वास घेतला, नखाने ओरखडले. मी बाजूला उभा राहून दोन्हींमधला फरक विचारत होतो. उंच बुटाचं कातडं जाड, तेल प्यालेलं. दाबलं की सुरकुती पडे आणि सोडलं की नाहीशी होई. त्याची नाडीखालची जीभ दोन्ही बाजूंनी शिवलेली, म्हणजे नाडीच्या फटीतूनही काही आत शिरायला नको. तळ आणि वरचं कातडं यांच्यामध्ये कातड्याचीच एक पट्टी सगळीकडून टाके घालून फिरवलेली. आखूड बुटाचे टाकेही तसेच नेटके होते, पण कातडं मऊ आणि तळ पातळ.

"काका, आरी घालून बघा," मी म्हटलं.

"चांगल्या बुटाला भोक कशाला, भाऊसाहेब?"

"घालाच."

उंच बुटावर त्यांनी आरी टेकवून जोर दिला. टोक थोडं रुतलं आणि थांबलं. मग आखूड बुटाच्या रबरी पट्टीवर टेकवली, तर जोर द्यावाच लागला नाही. टोक आतल्या बाजूने चमकलं आणि माझ्या गेलेल्या बोटांत कळ आली.

काका म्हणाले, "आखूड जोड वाईट नाय हां. ज्याला दिवसभर काढ-घाल करायचीय, त्याच्यासाठी केलाय तो."

ते मी ऐकलं आणि सोडून दिलं. मला फक्त आरी दिसत होती. मुलगी रुसली, तरी उंच जोडच तिच्या पिशवीत गेला. आखूड जोड मी कपाटावर टाकला आणि कितीतरी दिवसांनी शांत झोपलो.

आश्विनात तिला भेटायला गेलो. भातं कापून होत आली होती, गवत कमरेएवढं सुकलेलं. ती पाड्यावर गेलीय असं उपकेंद्रात कळलं, म्हणून काठी घेऊन मागोमाग निघालो. पहिल्याच घराच्या ओटीवर तिचे बूट उभे होते. दोन्ही शेजारी शेजारी, नाड्या आत खोचलेल्या.

घरातली म्हातारी बाहेर आली. "ताई पल्याडच्या घरांना गेली," ती म्हणाली. "बूट रोज हितंच ठेवते. आमी बघतांव ना, कोन नाय नेत."

उतारावर पाहिलं तर मुलगी त्या गवतातून येत होती. अनवाणी.

जवळ आल्यावर माझा चेहरा बघूनच तिने ओळखलं. "बाबा, ओरडू नका. प्रत्येक दारात बूट काढायचे, पुन्हा घालायचे. खळी सारवलीत, त्यांच्यावरूनही बूट घालून जाता येत नाही. मागच्या महिन्यात एकदा आत बाळ निळं पडत होतं आणि मी दारात बसून अठरा भोकं सोडवत होते."

"मग?"

"वाचलं ते. पण त्या दिवसापासून इथेच ठेवते."

बूट निवडताना मी कातडं बघितलं, टाके बघितले, जीभ बघितली. आपण कुणाच्या दारात जाताना काय करतो, हे मला जन्मापासून ठाऊक होतं, तेवढं मात्र बघितलं नाही.

"अजून दोन घरं राहिलीत," ती म्हणाली आणि निघालीसुद्धा. वाट सारवलेल्या खळ्यावरून जात होती. मी माझे बूट काढून तिच्या बुटांशेजारी ठेवले. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा माझी आठ बोटं उघड्या जमिनीला लागली. तिला मागे घेतलं आणि काठी आपटत पुढे झालो. खळ्यापलीकडच्या गवतात प्रत्येक पावलाला घाम फुटत होता. एकाएकी चर्र झालं. मी हात आडवा करून तिला थोपवलं आणि तसाच उभा राहिलो. समोरच्या घरात कुणीतरी नागलीची भाकरी टाकत होतं. मुलगी हसली नाही. तिने माझा हात धरून ठेवला होता, आणि तिचाही हात गार पडला होता.

दुसऱ्या दिवशी कपाटावरचा आखूड जोड काढून, पुसून, एसटीने मीच तिला नेऊन दिला. तिने उभ्या-उभ्याच पाय आत घातले आणि कामाला निघाली. रबरी पट्टीत आरीचं भोक होतं, भोवतीचे दोरे सुटलेले. ते मीच पाडून घेतलं होतं.