शेरूने खाल्लेली भीती

भीती ही खाण्याची वस्तू आहे, हे मला पस्तिशीत कळले. आणि तेही खाऊन झाल्यावर.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही तेव्हा भिवंडीला, टेमघरच्या एका चाळीत राहत होतो. मी शाळामास्तर. पडघ्याकडचे गाव सोडून आलो तेव्हा सोबत आई आली आणि आईसोबत तिचे सगळे उतारे आले. मुलगी छाया त्या वर्षी पहिलीत गेली होती. म्हणजे तिचे नाव गेले होते, छाया जात नव्हती. कारण शाळेच्या वाटेवर लूमचा कारखाना होता आणि कारखान्याच्या फाटकात शेरू होता.

शेरू तिथला राखणदार कुत्रा. आत लूमची खडखड एवढी, की शेजारच्याशीही ओरडूनच बोलावे लागे. त्यामुळे शेरूलाही हळू बोलायची सवय नव्हती. तो दिसला की छाया पळे. ती पळाली की शेरू तिच्या मागे पळे, आणि शेरूच्या मागे मी (बराच मागे, घरातल्या एकाने तरी शांत राहायला हवे ना!). अशी आमची वरात रोज घरी परत येई. इकडे मी दारोदार फिरून सांगत होतो, पोरांना शाळेत पाठवा. लोक विचारत, "मास्तर, तुमची कुठंय?" मला तोंड दाखवायला जागा उरली नव्हती.

मी छायाला समोर बसवून समजावले. कुत्रा इमानी प्राणी आहे, भीती मनात असते, वगैरे.

"मग तुम्ही शाळेत जाताना छत्री का नेता, बाबा?" तिने विचारले.

थंडीचे दिवस होते. मी विषय बदलला.

"तुजा बोलून झाला आसंल तर उठ आता," आई म्हणाली. तिने भाकरीचा तुकडा छायावरून ओवाळला. खरे तर असा तुकडा तिठ्यावर नेऊन टाकायचा. पण तिठा लांब होता, आईचे गुडघे दुखत होते आणि शेरू जवळ होता. तिने तो शेरूला घातला आणि छायाला म्हणाली, "तुजी भीती त्यानं खाल्ली. आता तुज्याकडं न्हाय."

दुसऱ्या दिवशी छाया तडक फाटकाशी गेली आणि तिने शेरूच्या गळ्यात हात टाकले. आजवर शेरूला भेटलेले लोक एकतर पळत किंवा दगड मारत. मिठी त्याच्या अनुभवात नव्हती. त्याने छायाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, शेपूट आत घातले आणि सुताच्या गाठोड्यांमागे जाऊन बसला. छाया शाळेत गेली. मला आनंदाने भरून आले.

पण शेरू काही गाठोड्यांमागून बाहेर येईना. छायाचे दप्तर दिसले तरी तो कुंई कुंई करायचा. मांजरे फाटकात येऊन झोपू लागली. चार दिवसांत कारखान्याचा मुकादम आमच्या दारात उभा राहिला.

"मास्टरजी, आपकी अम्माने कुत्ते को क्या खिलाया?"

"भाकरी."

"उसमें बच्ची का डर था. सब लोग बोल रहे हैं. कल कोई सूत उठाके ले गया और शेरू देखता रहा. सेठ मेरेको निकाल देगा."

मी त्याला सविस्तर सांगितले की भीती अशी इकडून तिकडे जात नसते. कुत्र्यालाही लहान पोराची भीती वाटू शकते, एवढेच. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "ठीक है. वापस ले लो."

आई लगेच तयार झाली. (तिला मुकादमाचे म्हणणे माझ्यापेक्षा शास्त्रीय वाटले.) मी शाळेत असताना मुकादमाने शेरूला धरून ठेवले, आईने त्याच्यावरून नवा तुकडा ओवाळला आणि या वेळी चूक नको म्हणून कागदात बांधून खिडकीत ठेवला, संध्याकाळी शेजारीण तिठ्यावर नेणार होती. छायालाही ताकीद मिळाली, शेरूला मिठी मारायची नाही.

मी शाळेतून आलो तेव्हा पोटात कावळे ओरडत होते.

"अहो, खिडकीतला तुकडा कुठंय?" बायकोने विचारले.

"खाल्ला. चटणीबरोबर. जरा कडक होता."

बायको मटकन खाली बसली. आईने मला आपादमस्तक न्याहाळले आणि म्हणाली, "आता ह्याची भीती कुनाला घालू?"

मी हसलो. एकटाच.

सकाळी चाळीतले सगळे कामधंदा सोडून गॅलरीत उभे होते. शेरू फाटकात परत आला होता. छाया लांबूनच "शेरू" म्हणाली, त्याने जपून शेपूट हलवले. मग त्याने माझ्याकडे पाहिले. मी छत्री घट्ट धरली. ही भीती भाकरीतली की आधीपासूनची आपलीच, असा प्रश्न मला पडला आणि विचार करायला वेळ मिळावा म्हणून मी पळालो.

शेरू आनंदाने भुंकत माझ्यामागे. "देखा? ठीक हो गया!" मुकादम फाटकातून ओरडला. शेरूच्या मागे छाया येत होती, "बाबा, पळू नका ना! तुम्ही घाबरलात की तोपण घाबरतो." तिने मला गाठले, माझी छत्री काढून घेतली आणि बोट धरून मला शाळेत पोचवले. शेरू दोन हात अंतर ठेवून आमच्यासोबत चालत होता, एकदाही न भुंकता. पुढे वर्षभर छायाचा एकही खाडा झाला नाही. माझाही नाही, कारण ती मला रोज सोडायला यायची.

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, तेव्हाही नव्हता. फक्त घरात कागदात बांधलेली भाकरी दिसली, की खाण्याआधी मी विचारून घेतो, कुणावरून ओवाळलेली तर नाही ना. माझा विश्वास नसला म्हणून काय झाले, कुत्र्यांचा असला तर?